आलोइस लायकर यांच्या चार जागा

व्हिक्टर फोर्क, कॅन्सस
मंगळवार, ७ मार्च २०१७
सकाळी ६ वाजून १० मिनिटे

आगाथा आत्यास,

नवीन स्टेडियमच्या फाटकाबाहेर गाडीत बसून हे पत्र लिहीत आहे. फाटक साडेसहाला उघडते. कागद स्टिअरिंगवर ठेवला आहे आणि दक्षिणेच्या वाऱ्याने गाडी हलते आहे, त्यामुळे एखादी ओळ वाकडी गेली तर समजून घ्यावे. शुद्धलेखन दोनदा तपासले आहे.

नाताळपासून मी तुम्हाला चार वेळा फोन केला. तारखा माझ्याकडे लिहिलेल्या आहेत. चौथ्या वेळी ब्रेंटने उचलला आणि "आई म्हणते, काय असेल ते लिहून पाठव," एवढे बोलून ठेवला. म्हणून लिहीत आहे.

विद्यापीठाचा फुटबॉल संघ यंदापासून गावच्या जुन्या मैदानावर खेळणार नाही. धान्याच्या कोठारांपाशी तीन मैल बसने जायला विद्यार्थी तयार नसतात, म्हणून आवारातच, पूर्वी जिथे शेतकी महाविद्यालयाचे गोठे होते तिथे, हे नवीन स्टेडियम उभे राहत आहे. मी तिथेच कामाला आहे. बाकांच्या फळ्या बसवणे आणि त्यांवर क्रमांकाच्या पट्ट्या ठोकणे हे माझे काम.

आता मुद्दा. तिकीट कार्यालयाचे पत्र माझ्या पत्त्यावर आले आहे. त्यावर आजोबांचे नाव आहे. "प्रिय श्री. आलोइस लायकर, आपण १९५९ पासून सलग अठ्ठावन्न हंगाम आमचे तिकीटधारक आहात. ज्येष्ठतेच्या यादीत आपला क्रमांक तिसरा आहे. नवीन स्टेडियममधील आपल्या चार जागा निवडण्यासाठी शनिवार, २० मे रोजी सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी स्वतः, छायाचित्र असलेल्या ओळखपत्रासह यावे."

आजोबा १९९८ च्या फेब्रुवारीत गेले, हे तुम्हाला सांगायला नको. नियम असा आहे की जागा फक्त नवऱ्याच्या बायकोला किंवा बायकोच्या नवऱ्याला मिळतात, मुलांना नाही. माणूस गेला की जागा गेल्या आणि ज्येष्ठताही गेली. म्हणून बाबा दर वसंतात अर्जावर आजोबांची सही करायचे. इथे निम्म्या गावाच्या जागा दफनभूमीतल्या लोकांच्या नावावर आहेत. बाबा गेल्यावर दोन वर्षे ती सही मी केली. पहिल्या वेळी जमायला अकरा कागद लागले. तेव्हापासून टपाल आले की पाकीट उघडण्याआधी मी पाठवणाऱ्याचे नाव दोनदा वाचतो.

ओळखपत्र कुठून आणू? काय करायचे ते कळवावे. मला चारांपैकी फक्त ११ आणि १२ पाहिजेत, माझी आणि बाबांची. बाबा घरी बोलत नसत. तिथे अठरा-अठरा इंचांत खांद्याला खांदा लावून बसलो की बोलावे लागत नसे. मला दुसरे काही नको आहे.

फाटक उघडले.

एल्डन


सलायना
१५ मार्च

एल्डन,

पत्र मिळालं. एकही चूक नाही. शाळा अर्धी टाकून पळालास, पण खरं शुद्धलेखन आणि खोटी सही, दोन्ही पक्की शिकलास. तुझ्या बापाला निदान सही करताना लाज तरी वाटत असावी.

"मला फक्त दोन पाहिजेत." वा! जणू उरलेल्या दोन तू मला दान करतोयस. चारही माझ्या आहेत. मी थोरली. १९५९ साली माझा बाप मला खांद्यावर बसवून पहिल्या सामन्याला घेऊन गेला, तेव्हा तुझा बाप जन्मलाही नव्हता. अर्धे पैसे मी दर वर्षी भरले, तुझा बाप गेल्यावरसुद्धा. तू चेक वटवलेस, पोचपावती पाठवलीस, वर एक शब्द नाही.

ब्रेंट विम्याचं काम करतो, त्याला मोठी गिऱ्हाइकं सामन्याला न्यावी लागतात. नवीन स्टेडियममधल्या मधल्या जागा म्हणजे त्याच्या धंद्याला सोनं आहे. तू काय करणार तिथे? बाक मोजणार?

२० मेला तू त्या कार्यालयाची पायरी चढलास, तर त्या लुएला प्रॅटला मी स्वतः फोन करीन. तीस वर्षं ती तिकीट खिडकीवर बसली आहे, तिला कळू दे की एक तेवीस वर्षांचा पोरगा सत्त्याण्णव वर्षांचा म्हातारा म्हणून सह्या ठोकतो.

आणि तुझ्या बापाच्या दफनाआधीच्या प्रार्थनेला, रोझरीच्या वेळी तू मला सगळ्या गोतावळ्यासमोर काय बोललास, ते मी विसरले नाही.

आगाथा गोट्शॉक


व्हिक्टर फोर्क
रविवार, २६ मार्च २०१७
दुपारी २ वाजून २५ मिनिटे

आत्या,

चर्चमधून येऊन, भांडी घासून, हात कोरडे करून लिहायला बसलो आहे.

रोझरीच्या वेळी काय झाले ते मीही विसरलो नाही. शवपेटीचे झाकण उघडे होते. तुम्ही माझ्याजवळ येऊन पहिला प्रश्न विचारलात, "शनिवारची तिकिटं कुठे आहेत?" मी म्हणालो, "बाबांना जमिनीत तरी जाऊ द्या, मग त्यांच्या जागा उपटा." मोठ्याने म्हणालो हे खरे आहे. मोठ्याने म्हणायचे नव्हते. पण प्रश्न तुम्ही विचारला होता.

त्यानंतर दोन हंगाम आपण एकाच रांगेत बसलो. मी ११ वर, तुम्ही १३ वर, ब्रेंट १४ वर फोनमध्ये डोके घालून. १२ रिकामी. आणि दर सामन्याला तुम्ही येताच तुमचा तो तपकिरी कोट १२ वर टाकता, बाबांच्या जागेवर, खुंटी असल्यासारखा. मी एकदाही काही बोललो नाही. पूर्वी तुम्ही सामन्याआधी गाडीच्या मागच्या फळीवर डबा उघडून सगळ्यांना खिमा-कोबी भरून भाजलेल्या बीरॉक वाटायच्या. चोवीस मोजून आणायच्या. आता डबाही बंद झाला. तुम्ही बीरॉक करणे सोडले की मला देणे सोडले, ते मी विचारत नाही.

हे पत्र भांडायला लिहीत नाही. वेगळेच संकट आले आहे.

बुधवारी लुएला प्रॅट बाईंचा फोन आला. मी बाकावर उभा होतो, एका हातात ड्रिल. जे बोलणे झाले ते त्याच संध्याकाळी लिहून ठेवले, जसेच्या तसे देतो.

"काय रे एल्डन, आजोबा कसे आहेत?"

मी म्हणालो, "झोपलेत."

"सकाळी अकराला?"

"त्यांना झोप जास्त लागते."

"लागणारच की, सत्त्याण्णव म्हणजे काय थट्टा आहे! हे बघ, वरच्या दोघा ज्येष्ठांपैकी एक फ्लोरिडाला गेलाय, दुसरा बायकोला विचारून सांगतो म्हणालाय. म्हणून आम्ही ठरवलंय, नऊ सप्टेंबरला उद्घाटनाच्या सामन्यात मैदानाच्या मधोमध नाणं उडवायला तुझे आजोबा. चाकाच्या खुर्चीतून आणू. काही कष्ट नाहीत."

मी ड्रिल खाली ठेवले. बाई म्हणाल्या, "आणि त्यांना सांग, पत्रं का थांबवली? तीन वर्षं झाली. इथे सगळे विचारतात. रागावलेत का आमच्यावर?"

"कसली पत्रं?" मी विचारले.

"कसली म्हणजे? प्रशिक्षकांना लिहायचे ती! प्रत्येक पराभवानंतर एक. आमच्याकडे अख्खी फाइल आहे. नवीन स्टेडियमच्या भिंतीवर त्यातलं एखादं लावायचं म्हणतोय आम्ही. शिव्या गाळून."

आत्या, आजोबांच्या नावाने ही पत्रे तुम्ही लिहिलीत का? मी लिहिलेली नाहीत. शपथ घेतो. मला खरे उत्तर हवे आहे, कारण आता प्रश्न दोन सह्यांचा राहिलेला नाही. आता त्यांना माणूस हवा आहे.

एल्डन


सलायना
३ एप्रिल

एल्डन,

"झोपलेत." एकोणीस वर्षं झोपलेत! वरच्या दगडावर तारीखसुद्धा कोरली आहे, जा आणि उठव.

मी कोणाला पत्रंबित्रं लिहिलेली नाहीत. मला काही सांगायचं असलं तर मी तोंडावर सांगते, सामन्यातसुद्धा, आणि त्या प्रशिक्षकाला ते पन्नास यार्डांवर ऐकू जातं. माझ्या बापाने तर जन्मात किराण्याची यादीही लिहिली नाही. मग राहिलं कोण? तूच. शब्दकोश उराशी घेऊन झोपणारा तू. आधी सही, मग पत्रं, उद्या पांढरी दाढी लावून चाकाच्या खुर्चीत बसशील आणि नाणंही उडवशील.

कोट मी कुठे ठेवायचा ते तू मला शिकवू नकोस.

बीरॉकचं म्हणशील तर, ज्याला वाढायचं त्याला भूक असावी लागते आणि तोंडात जीभ बरी असावी लागते. तुझ्याकडे दुसरी गोष्ट नाही.

एवढीच खाज असेल तर जाऊन ती फाइल बघ आणि काय आहे ते लिहून कळव. ब्रेंट म्हणतो की कायदेशीर मार्ग वेगळा असतो. तो काय ते बघतोय.

आगाथा


व्हिक्टर फोर्क
बुधवार, १९ एप्रिल २०१७
दुपारी १२ वाजून ५ मिनिटे, जेवणाची सुट्टी

आत्या,

फाइल बघितली. मी खोटे बोलून बघितली, म्हणालो की आजोबांना त्यांची जुनी पत्रे ऐकायची आहेत. प्रॅट बाईंनी मला बाजूच्या खोलीत बसवले आणि कॉफी दिली. एकेचाळीस पत्रे आहेत. पहिले सप्टेंबर १९९८ चे, शेवटचे ऑक्टोबर २०१४ चे.

अक्षर बाबांचे आहे. डावीकडे कलणारे, शेवटच्या अक्षराला शेपूट असलेले. मी पहिल्या ओळीतच ओळखले आणि कॉफीचा कप पत्रांपासून दूर सरकवला.

तुम्ही लिहून कळव म्हणालात, म्हणून तीन उतारे देतो. प्रत करताना एक शब्दही बदललेला नाही.

ऑक्टोबर २००३: "प्रशिक्षक महाशय, चौथ्या प्रयत्नाला फक्त एक यार्ड हवा असताना तुम्ही चेंडू लाथाडून समोरच्यांना देऊन टाकलात. मी त्र्याऐंशी वर्षांचा आहे. माझ्या गुडघ्यात वाटी नाही. तो एक यार्ड मी चालत जाऊन आणला असता."

सप्टेंबर २००९: "आपल्या संघाचे नाव रानकोंबडे आहे, ते मी समजू शकतो, आमच्या गवताळ प्रदेशात तोच पक्षी आहे. पण रानकोंबडासुद्धा अंगावर कोल्हा आला की निदान उडतो. तुमची मुले हेल्मेट घालून उभी राहतात."

ऑक्टोबर २०१४. बाबा जाण्याआधी तीन आठवडे. तेव्हा ते इस्पितळात होते, पत्रावर तिथला डाग आहे: "माझ्या डाव्या हाताला माझी मुलगी आगाथा बसते. तिला या खेळातले तुमच्यापेक्षा जास्त कळते. ती ओरडते तेव्हा ऐकत जा. माझा मुलगा व्हर्जिल बोलत नाही. त्याच्या वाटचेही तीच ओरडते, आणि त्याबद्दल त्याने तिचे कधी आभार मानलेले नाहीत. तो मानणारही नाही. आम्हा लायकर पुरुषांना तोंड उघडायला दुसऱ्याचे नाव लागते."

माझ्याबद्दलही एक ओळ आहे. ती मी देत नाही.

आता माझे म्हणणे. आपण दोघांनी बरोबर जावे आणि प्रॅट बाईंना सगळे खरे सांगावे. आजोबा गेले, बाबांनी सह्या केल्या, मग मी केल्या, अर्धे पैसे तुम्ही भरले. एकाने सांगितले तर ती चहाडी होईल, दोघांनी सांगितले तर कबुली होईल. कदाचित ते चार जागा मागच्या रांगेत देतील. दोन तुमच्या, दोन माझ्या. ब्रेंटला हवे तर माझ्यातली एक देतो. म्हणजे १२ देत नाही, ११ देतो.

इथे कामावर एक नियम आहे. रांगेची लांबी अठराने नेमकी भागली जात नाही, शेवटी काही इंच उरतात. ते उरलेले सगळ्या जागांत सारखे वाटायचे, म्हणजे कोणाला कळत नाही. मी तसे वाटून टाकतो. आपल्यालाही तसे करता येईल असे वाटते.

उत्तराची वाट बघतो. २० मेला अजून एकतीस दिवस आहेत.

एल्डन


व्हिक्टर फोर्क
मंगळवार, ९ मे २०१७
संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटे

आगाथाबाई,

टपाल आत्ताच हातात पडले. अजून बूट काढलेले नाहीत.

विद्यापीठ कळवते: "श्री. आलोइस लायकर यांच्या मृत्यूचा नोंदणीकृत दाखला त्यांच्या वारसांकडून ११ एप्रिल रोजी प्राप्त झाला. त्यानुसार सदर खाते मृत्यूच्या तारखेपासून बंद समजण्यात येत असून १९५९ पासूनची सर्व ज्येष्ठता रद्द करण्यात येत आहे. कोणत्याही वारसास जागांवर हक्क राहणार नाही. पुढील कारवाई करण्याचा आमचा विचार नाही."

११ एप्रिल. मी तिकडे बसून बाबांची पत्रे उतरवत होतो, आणि त्याच्या आठ दिवस आधीच तुमचा कागद त्यांच्या टेबलावर होता. मी "बरोबर जाऊ" म्हणून लिहिले तेव्हा तुम्ही आधीच एकट्याने दाखला पाठवून मोकळ्या झाल्या होतात. वीस दिवस तुम्ही माझ्या पत्राला उत्तर दिले नाही, ते का, हे आता कळले.

हा ब्रेंटचा कायदेशीर मार्ग. दाखला दाखवला की खाते थोरल्या मुलीच्या नावावर होईल असे त्याला वाटले असणार. नियमावलीच्या चौथ्या पानावर स्पष्ट लिहिले आहे की होत नाही. मी पहिल्या पत्रात तुम्हाला तो नियम लिहून दिला होता. वाचला असता तर अठ्ठावन्न वर्षे वाचली असती.

प्रॅट बाई आज बाकांच्या बाजूने गेल्या. मला बघून थांबल्या. मान हलवली आणि गेल्या. त्यांनी ओरडायला हवे होते.

मुकादम म्हणतो की मी आज तीन पट्ट्या उलट्या ठोकल्या. माझ्याकडून कधी असे झालेले नाही.

तुम्हाला जागा पाहिजे होत्या ना? आता कोणालाच नाहीत. बाबांच्या जागेवर आता कोट टाकायला तुम्हाला जुने मैदानसुद्धा मिळणार नाही, ते जूनमध्ये पाडतात.

यापुढे लिहू नये.

एल्डन लायकर


सलायना
१५ मे

एल्डन,

लिहू नये म्हणालास म्हणून लिहिते. मला काय करू नये ते सांगणारा अजून जन्मायचा आहे.

हो, दाखला आम्ही दिला. ब्रेंटने नोटरी करून आणला, मी सही केली. माझी स्वतःची सही, घरात निदान एकीची तरी खरी. नियम मी वाचला होता. ब्रेंट म्हणाला, ते सामान्य लोकांसाठी असतं, ओळख लावली की होतं. त्याची ओळख म्हणजे गोल्फ खेळणारा एक माणूस निघाला, त्याने फोनच उचलला नाही. ब्रेंटला मी काय बोलले ते या पत्रात लिहिता येणार नाही. तो आठवडाभर घरी जेवायला आलेला नाही.

रोझरीच्या वेळी मी तिकिटं ब्रेंटच्या गिऱ्हाइकासाठीच विचारली. त्याने सांगितलं म्हणून विचारली. लाज वाटायला हवी होती, तेव्हा वाटली नाही. तू बोललास ते बरोबर होतं आणि तू ते सगळ्यांसमोर बोललास, म्हणून मी तुला माफ करणार नाही. दोन्ही एकदम खरं असू शकतं.

तुझं १९ एप्रिलचं पत्र मला २२ ला मिळालं. उत्तर दिलं नाही, कारण काय द्यायचं? माझ्या बापाने माझ्याबद्दल असलं एक वाक्य जन्मात उच्चारलं नाही. "पोरी, गप बस, लोक बघतात," हे त्याचं वाक्य. आणि व्हर्जिलने त्याच्या तोंडून हे लिहिलं. कोणाला? मला नाही. एका परक्या प्रशिक्षकाला, जो दुसऱ्या वर्षी नोकरी सोडून गेला. मी सलायनात, फोनवर, एका तासाच्या अंतरावर होते. मला राग आलाय. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून तुझ्याशी भांडते. तू त्याच्यासारखाच दिसतोस, ती तुझी चूक.

आणि कोट. तुला वाटलं मी खुंटी केली. अरे शहाण्या, १२ रिकामी दिसली की मागच्या रांगेतला तो जाडा दूधवाला तिच्यावर पाय पसरायचा. पहिल्याच सामन्यात अर्धी जागा खाल्ली त्याने. तू बघत होतास मैदानाकडे. म्हणून कोट. नोव्हेंबरच्या थंडीतसुद्धा, अंगात कुडकुडत, सात-सात सामने मी कोट काढून त्या जागेवर ठेवला. दोन वर्षं. तू मोजमापवाला ना? हे कसं नाही मोजलंस?

माझ्याबद्दलची ओळ दिलीस, तुझ्याबद्दलची दाबून ठेवलीस. तीही दे.

आगाथा


व्हिक्टर फोर्क
गुरुवार, २४ ऑगस्ट २०१७
दुपारी ४ वाजता, कामाचा शेवटचा दिवस

आत्या,

उत्तराला उशीर झाला. आधी चिडलो होतो, मग काम होते, मग पुन्हा चिडलो होतो.

जुने मैदान १३ जूनला पाडले. मी बघायला गेलो. आपल्या जागांचा सहावा विभाग सगळ्यात शेवटी पडला. मुद्दाम नाही, यंत्र त्या बाजूने पोचायला वेळ लागला.

प्रॅट बाईंनी मला बोलावून फाइल दिली. म्हणाल्या, "मेलेल्यांच्या नावावरची तिकिटं मला नवी नाहीत रे. पण माणूस मेल्यावर एवढं चांगलं लिहायला लागलेला पहिलाच बघितला." मग म्हणाल्या, "तुझ्या आत्याला सांग, दाखला टपालाने पाठवायच्या आधी एकदा खिडकीवर आली असती तर मी काहीतरी केलं असतं. कागद नोंदला गेला की माझ्या हातात काही राहत नाही." हे तुम्हाला टोचावे म्हणूनच कळवत आहे.

नाणे एक निवृत्त शिक्षिका उडवणार आहेत. एकोणऐंशी वर्षांच्या आहेत. जिवंत आहेत.

२४ जूनला नव्या लोकांसाठी उरलेल्या जागांची विक्री होती. मी पहाटे पाच वाजता रांगेत उभा राहिलो. ज्येष्ठता शून्य, त्यामुळे उत्तरेच्या टोकाला, सगळ्यात वरची रांग, बावन्नावी. मागे भिंत. दक्षिणेचा वारा थेट तोंडावर. तिथून रानकोंबडे मुंग्यांएवढे दिसतील. एका माणसाला दोनच मिळत होत्या. मी दोन घेतल्या, १ आणि २. माझ्या नावावर. सही माझी. पहिल्याच कागदावर जमली.

जुलैत त्या रांगेच्या फळ्या मीच बसवल्या. लांबी अठराने भागली जात नव्हती, शेवटी चौदा इंच उरले. नियमाप्रमाणे ते सगळ्या जागांत वाटायचे. मी मोजपट्टी दोनदा लावून बघितली. या रांगेत मी ते वाटले नाहीत. १ आणि २ च्या मधे ठेवले. मुकादमाने विचारले, "हे काय?" मी म्हणालो, "भिंत सरळ नाही." भिंत सरळ आहे. कामाबाबत मी बोललेले हे एकमेव खोटे आहे आणि मला त्यानंतर तीन दिवस नीट झोप लागली नाही.

चौदा इंचांत माणूस मावत नाही. घडी घातलेला कोट मावतो. घरचा कोट ठेवून बघितला.

माझ्याबद्दलची ओळ, मार्च २०१० ची, मी शाळा सोडली त्या महिन्याची. तेव्हा सामना नव्हता, पराभवही नव्हता, तरी पत्र आहे: "प्रशिक्षक महाशय, माझ्या नातवाने शाळा सोडली. तुम्हाला याच्याशी काही कर्तव्य नाही, पण मला कोणाला तरी सांगायचे होते. तो प्रत्येक गोष्ट दोनदा तपासतो. असा मुलगा वाया जात नाही. हे त्याला सांगायला हवे." सांगितले नाही.

सोबत नऊ सप्टेंबरचे तिकीट जोडले आहे, जागा २. हंगामाची उरलेली पाच तिकिटे पैसे आल्यावर पाठवीन. याला समेट समजू नये. बोलायची सक्ती नाही. ब्रेंटला आणू नये, जागा नाही.

हिशेब खाली दिला आहे. दोनदा तपासला आहे.

तिकिटे, उत्तर टोक, रांग ५२, जागा १ व २, पूर्ण हंगाम: १३५ डॉलरप्रमाणे २७० डॉलर. मी भरले.
त्यातला तुमचा अर्धा भाग: १३५ डॉलर. येणे.
पत्रांच्या प्रती, ४१ पाने, पानाला १० सेंट: ४ डॉलर १० सेंट. मी भरले, सोडले.
मूळ पत्रे ४१: वीस मला, एकवीस तुम्हाला. जास्तीचे ते ऑक्टोबर २०१४ चे. देणे, सामन्याच्या दिवशी हातोहात.
दाखल्याची नोटरी: तुमची तुम्ही बघावी.
बीरॉक, दर सामन्याला चोवीस: नोव्हेंबर २०१४ पासून येणे.
जागा १ आणि २ यांच्यामधले चौदा इंच: क्रमांक नाही, कोणाच्या नावावर नाहीत. येणे नाही, देणे नाही.

एल्डन